वन्संनी कोरलेला पक्षी

१२ मार्च १९६४, गुरुवार. सांडगी मिरच्या भरायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी दोन शेर मिरच्या चिरून ठेवल्या होत्या. सकाळी मेथी, धणे, हिंग आणि मीठ कुटलं, दह्यात कालवलं आणि एका बैठकीत सगळ्या भरून काढल्या. नऊ वाजेपर्यंत दोन्ही हातांची मनगटापर्यंत आग व्हायला लागली. खोबरेल लावलं, ताक लावलं, काही उपयोग झाला नाही. तशीच परात कमरेवर घेऊन गच्चीवर गेले.

बंगलोरला मल्लेश्वरममधल्या त्या घराची गच्ची लहान होती. मिरच्या पसरायला जुनं धोतर अंथरायचं तर कपड्यांच्या दोरीखालून वाकून पलीकडे जावं लागे. त्या दिवशी दोरीवर एकही कपडा नव्हता. माझे सगळे चिमटे लावून सहा कागद वाळत घातले होते, आणि सहाही कागदांवर तोच एक काळा पक्षी होता.

कागद वन्संचे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तरी रिवाजाप्रमाणे मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला ‘अगं वैनी’ म्हणायच्या. माझं सासर बेळगावकडचं, त्यामुळे घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असायची. मी साताऱ्याची. लग्न होऊन बंगलोरला आले तेव्हा मला ‘बा’ आणि ‘होगु’, ये आणि जा, एवढंच कळत होतं. पुढे कानडी बोलायला शिकले ती भाजीवाल्यांशी भांडून, आणि वाचायला शिकले ती बसच्या पाट्यांवरून. दोन्ही शिक्षणं अर्धवटच राहिली.

वन्संचे यजमान हुबळीला विषमज्वराने गेले तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. सासरच्यांनी महिना व्हायच्या आत त्यांना ट्रंकेसकट आमच्याकडे आणून सोडलं. त्या रडत बसल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवायला सुरुवात केली, आणि ते मला मुळीच चालण्यासारखं नव्हतं. ट्रंकेत त्यांची चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांची सर्टिफिकिटं होती, लग्नाआधी बेळगावात दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची. एकदा चिकपेटेत परकराचं कापड घ्यायला गेले असताना एका बोळात एक म्हातारे गृहस्थ उदबत्तीच्या पुड्यावरचं लेबल लाकडात कोरताना दिसले. मी उभ्या उभ्याच विचारलं, बाईमाणसाला शिकवाल का?

ते म्हणाले, “स्वल्प कष्ट आगुत्ते अम्मा.”

थोडं जड जाईल. मी म्हटलं, आमच्या बाईला थोडं जड काहीतरी हवंच आहे. पुढच्या आठवड्यापासून वन्सं आठवड्यातून तीन दुपारी चिकपेटेत जायला लागल्या. ते गृहस्थ त्यांचे अण्णा झाले. माझे डबे जागेवर राहिले.

चार वर्षांत त्या चांगल्या तयार झाल्या. सागवानाच्या ठोकळ्यावर कोरायचं, रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचा. घासायला त्या माझ्या पितळी डावाची पाठ वापरत. कितीही चिंचेने घासला तरी त्या डावाने वाढलेल्या वरणाला रॉकेलचा वास येतो असं माझे यजमान म्हणत. मी वन्संना काही बोलले नाही. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यानंतर मला चांगलं म्हणणारं दुसरं कुणी भेटायचं नाही.

त्या मार्चमध्ये मुलींच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा निघाली होती. वन्संनी अर्ज केला होता. शाळेच्या आवारात एकट्या शिक्षिकांसाठी खोल्या होत्या आणि नोकरीबरोबर खोली मिळणार होती. पाच वर्षं वन्सं आमच्या मधल्या खोलीत पडदा ओढून झोपत होत्या. त्यांचं म्हणून एक दार, त्याला कडी, कडीला त्यांचं कुलूप, एवढं त्यांना हवं होतं. नोकरीबद्दल बोलताना त्या पगाराचं कधी बोलल्या नाहीत. कुलूप मात्र त्यांनी चिकपेटेतून आधीच आणून ठेवलं होतं. अर्जासोबत तीन नमुने द्यायचे होते. एक कमळ आणि एक गोपुर देऊन झालं होतं. तिसरा नमुना म्हणजे हा पक्षी.

आता तो कसा होता ते सांगते. बाजूने दिसणारं डोकं, बाकदार चोच, एक डोळा. पाठ वाकवलेली. दोन्ही पंख खाली पसरून सूप पालथं घालावं तसे धरलेले, आणि त्या सुपाखाली, एका पायाच्या नखांत, एक लहानसा पक्षी चिरडलेला. डोळ्याच्या वर, भुवई असते तिथे, एक पांढरी तिरपी खूण.

माझं नाक बाकदार आहे. माहेरी मला राघू म्हणत, सासरी तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. माझ्या डाव्या भुवईत लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची पांढरी खोक आहे, तिरपी. आणि कागदाखाली कानडीत पक्ष्याचं नाव कोरलेलं होतं. कानडीतले ड, द आणि ध मला अजून सख्ख्या भावांसारखे दिसतात. मी पहिलं अक्षर वाचलं: गि. दुसरं पाहिलं, ध असावा असं वाटलं. पुढचं वाचायची गरज पडली नाही. अर्धा शब्द वाचला की माणूस उरलेला घरून आणतो.

गिधाड.

मी परात खाली ठेवली. माझंच चित्र होतं, यात मला तिळमात्र शंका राहिली नाही. मी गिधाड, आणि नखांत ती गरीब चिमणी म्हणजे वन्सं. जिने चिकपेट शोधून दिलं तिला, जिने डाव दिला तिला, जी नऊ वर्षांनी मोठी असून अहो-अहो करते तिला! आणि हे चित्र आता शाळेत जाणार, तिथल्या बायका बघणार. मी मिरच्या पसरल्या. एकेक मिरची अशी आपटून ठेवली की निम्म्यांतला मसाला बाहेर आला.

खाली आले तर वन्सं विचारतात, “वैनी, बघितलास काय पक्षी? कसा आलाय?”

“छान आलाय,” मी म्हटलं. “ओळखू येतो.”

“होय की!” त्या खूश झाल्या. “नव्हे तर काय, दादा म्हणाला पंखाचा कोन चुकलाय, असला पक्षी उडायचा नाही. मी म्हटलं, अरे तो बसलाय.”

माझे यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते. घरी त्यांना जे दिसे त्याचा ते कोन मोजत. बाकी घरात काय चाललंय ते त्यांना कधी दिसलं नाही.

दर गुरुवारी दुपारी साहेबांच्या बंगल्यावर दत्ताचं भजन असे. साहेब म्हणजे सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आमच्या भागातल्या मराठी लोकांचे कर्तेसवरते. त्या शाळेच्या कमिटीवर ते एकटेच मराठी होते आणि वन्संसाठी शब्द टाकतो म्हणून त्यांनी आपणहून सांगितलं होतं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. त्या दिवशी भजन संपून प्रसादाचा शिरा हातावर पडला, आणि काकूंनी विचारलं, “नणंदबाई नाही आल्या? काय करतात हल्ली?”

“गिधाडं काढतात,” मी म्हटलं.

सगळ्यांचा शिरा हातातच राहिला. मग एकीने विचारलं, “म्हणजे गं?”

“म्हणजे गिधाड. चोच, नखं, सगळं. पायाखाली मेलेलं पाखरू. आणि तोंड घरातल्याच माणसाचं लावलंय.”

सगळ्यांचे डोळे एकदम माझ्या नाकाकडे गेले. मग जी हसाहशी झाली ती थांबेना. एक म्हणाली, “मग तुला फुकटात फोटो मिळाला की गं!” दुसरी म्हणाली, “गिधाड बरं, नाहीतर काहींच्या नणंदा घुबड काढतील.” मीही हसले. हसण्यात राग निघून गेला असं मला वाटलं. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. “घरात गिधाड?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मढ्यावरचं? विधवा बाईने? शांत करून घ्या हो काहीतरी.”

मी शिरा खाल्ला आणि घरी आले.

रविवारी संध्याकाळी साहेब आमच्या घरी आले. येणार म्हणून निरोप नव्हता. कोट घालून, काठी घेऊन आले, एकटे. यजमान लगबगीने उठले. वन्सं चहा टाकायला आत गेल्या. त्यांना वाटलं, शाळेची बातमी आली. मलाही तसंच वाटलं. साहेबांनी काठी भिंतीला टेकवली, घसा साफ केला आणि म्हणाले, “मी स्पष्ट बोलतो. तुमच्या भल्याचं बोलतो. बाईंची मनःस्थिती सध्या ठिकाणावर नाही.”

“कुणाची?” यजमान म्हणाले.

“तुमच्या बहिणीची. माणूस जे कोरतो ना, ते त्याच्या आत असतं. मी मुंबईत पुष्कळ प्रदर्शनं पाहिलेली आहेत. गिधाड, मृत्यू, मेलेलं पाखरू. हे काय दाखवतं? अकाली वैधव्य दाखवतं. ते पाखरू म्हणजे बाईंचे यजमान, आणि गिधाड म्हणजे काळ.”

“तुम्ही पाहिलंत ते?” मी विचारलं.

“पाहायला कशाला हवं? आमच्याकडे सविस्तर कळलं.”

मला तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी उठले आणि कपाटावरून एक कागद काढून आणला. वाटलं, प्रत्यक्ष बघतील तर निदान माझं नाक तरी ओळखतील आणि हसतील. साहेबांनी चष्मा चढवला, कागद हातभर लांब धरला आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

“पाहा,” ते म्हणाले. “हा काळा रंग पाहा. डोळ्यातली ही शून्यता. आणि ही शेपटी पाहा, खाली वळलेली. हताशपणा आहे हा. निव्वळ हताशपणा.”

वन्सं चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. “काका, ठोकळा तेवढाच होता,” त्या म्हणाल्या. “शेपटी मावेना म्हणून वळवली.”

“तुम्हाला तसं वाटतं,” साहेब प्रेमाने म्हणाले.

“आणि हे गिधाड नव्हे की. खाली लिहिलंय बघा. गिडुग. कानडीत शिक्र्याला, ससाण्याला गिडुग म्हणतात. गिधाडाला म्हणतात रणहद्दु. ते मेलेलं खातं, हा जिवंत धरतो.”

“तेच ते,” साहेब म्हणाले. “शेवटी मांसच.” बावीस वर्षं बंगलोरात राहिलेला माणूस. खालच्या अक्षरांकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “हेडमिस्ट्रेसबाईंना मी कालच सांगून टाकलं. अर्जावर शेराही लिहिला. लहान मुलींमध्ये असं मन बरं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका बेटा, देवाधर्मात मन रमवा. पुढे बघू.”

वन्संनी ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. यजमान म्हणाले, “तुमचं बरोबर आहे साहेब, तुम्ही अनुभवी,” आणि मी, मी साहेबांना चिवडा वाढला. दोनदा वाढला. आजही हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो कुणावर होतो हे ठरवताना मला पहिला नंबर माझा लावावा लागतो. दुसरा साहेबांचा. न पाहिलेल्या चित्राचा अर्थ सांगणारा माणूस, आणि पाहिल्यावरही न पाहणारा. बाई विधवा आहे एवढं कळलं की पुढचं चित्र त्यांना कोरं असलं तरी चाललं असतं.

ते गेल्यावर यजमान म्हणाले, “काठी विसरले,” आणि काठी घेऊन त्यांच्यामागे धावले.

वन्सं मागच्या पडवीत रॉकेलच्या फडक्याने रूळ पुसत बसल्या होत्या. रूळ स्वच्छच होता.

“वैनी,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “त्यांच्या घरी गिधाड कुणी नेलं?”

“मी,” मी म्हटलं.

“काय म्हणून?”

“तसं वाचलं. दुसरं अक्षर ध वाटलं मला.”

“आणि तिसरं?”

“तिसरं वाचलं नाही.”

त्यांनी रूळ खाली ठेवला. “अगं, मला विचारायचं की! एका घरात राहतो आपण. स्वयंपाकघरातून पडवीत यायला तुला रिक्षा लागते काय?”

मग मी सगळं सांगून टाकलं, चोच, खोक, नखांतलं पाखरू. बोलता बोलता माझाच आवाज चढला. म्हटलं, तुम्ही मला गिधाड करून सगळ्या गावाला दाखवणार, आणि मी गप्प बसावं होय? वन्सं माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

“तुझं चित्र? वैनी, तुझं चित्र काढायला मला दुसरं काम नाही काय? रोज बघते तेवढं पुरे होत नाही?”

“मग भुवईवरची खूण?”

“गाठ होती लाकडात. कोरणी उडाली. अण्णांनी शिव्या घातल्या, ते सुद्धा मागच्या आठवड्यात, दोन गिऱ्हाइकं बसली असताना. तुझ्या भुवईला खोक आहे ते मला आत्ता कळतंय, तू सांगितलंस म्हणून.”

“आणि ती चिमणी?”

“चिमणी नव्हे, होला.” त्या उठल्या, एक कागद आणला आणि माझ्यासमोर पडवीच्या फरशीवर ठेवला. मग बोट फिरवत, शाळेत फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या, सांगायला लागल्या. जानेवारीत मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर तो बसला होता. त्या भांडी घासत होत्या. त्याने होला धरला होता, आणि वर दोन घारी फिरत होत्या. घारी झडप घालून दुसऱ्याचं हिसकावतात. म्हणून त्याने पंख असे पसरून खालचं झाकून घेतलं होतं, आणि झाकल्या झाकल्या भराभरा खात होता, दर घासाला मान वर करून बघत होता. “वीस मिनिटं बघत होते. भांडी तशीच पडली, तू ओरडलीसही. एवढा शिकारी, आणि खाताना किती भेतो. तेवढं मला कोरायचं होतं, पंख आणि मान. मान बरी आलीय. डावा पंख नाही आला.”

“मग ते कोण आहे?” मी विचारलं. अजून माझं समाधान झालं नव्हतं.

“कोण म्हणजे? पक्षी आहे! पक्षी काढलाय मी!” आता त्यांचा आवाज चढला. पाच वर्षांत पहिल्यांदा. “कमळ दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही कमळ म्हणजे कोण. अण्णा उदबत्तीच्या पुड्यावर हत्ती कोरतात, त्यांची बायको मेलेली आहे, कुणी विचारतं हत्ती म्हणजे काय? मी काढलं की लगेच यजमान! लगेच काळ! आणि तू, तू तर त्यांच्याही वरची. त्यांनी निदान माझं दुःख तरी बघितलं. तू तुझं नाक बघितलंस.”

आत यजमान परत आल्याचा आवाज झाला. “काठी पोचवली,” ते म्हणाले.

जरा वेळाने मी म्हटलं, “उद्या मी शाळेत जाते. हेडमिस्ट्रेसबाईंना सांगते चूक माझी म्हणून.”

“तुझ्या तोंडाने एकदा झालंय तेवढं पुरे नाही?”

“तुम्ही गेलात तर म्हणतील, बघा, मन ठिकाणावर नाही, भांडायला आली. मलाच जायला हवं.”

वन्संनी फडकं उचललं. फडक्याची घडी केली, उलगडली, परत केली. “सरी, बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “जा. पण एक ऐक. बिचारी आहे, विधवा आहे, पडद्यामागे झोपते, यातलं काही सांगायचं नाही. शब्द चुकीचा वाचला, एवढंच. त्यावर एक अक्षर जास्त बोललीस तर मी त्या शाळेत पाऊल ठेवणार नाही, बोलावलं तरी.”

सोमवारी सकाळी मी यजमानांचा डबा भरला, मुलांना त्यांच्या शाळेत पाठवलं आणि कागदाची गुंडाळी करून साडेनऊला शाळेत पोचले. चालतच गेले. वाटेत कानडी वाक्यं जुळवत होते आणि सगळी चुकत होती.

हेडमिस्ट्रेसबाई उंच होत्या, पांढरं सुती पातळ, चष्मा दोरीला बांधलेला. माझी मोडकी कानडी त्यांनी मधे न तोडता ऐकली, आणि मी थांबल्यावर कागद उलगडायला सांगितलं. खालचं नाव त्यांनी सहज, बोलावं तसं वाचलं. मग चित्र पाहिलं. डाव्या पंखापाशी त्यांचं बोट जरा थांबलं. मग म्हणाल्या, जागा शनिवारीच भरली. दुसऱ्या बाईंना पत्र गेलं.

गुरुवारी मी शिरा खात हसत होते, आणि शनिवारी जागा भरली. मला उठून यावंसं वाटलं. मग विचारलं, “पुढच्या वर्षी?”

पुढच्या वर्षी एक शिक्षिका निवृत्त होणार होत्या, तेव्हा चित्रकलेचे काही तास निघण्यासारखे होते. जुने अर्ज फायलीत ठेवतात, त्यांतूनच पुन्हा बघतात. मी म्हटलं, अर्ज दाखवा. त्यांनी जरा विचार करून काढला. वन्संचं सुंदर अक्षर, आणि समासात साहेबांची जाड लाल शाई. इंग्रजीत लिहिलं होतं की अर्जदार बाई मृत्यूची चित्रे काढतात, मन स्वस्थ नाही, मुलींच्या सहवासास योग्य नाहीत. खाली सही.

“हे खोडा,” मी म्हटलं.

“कमिटीच्या मेंबरांनी लिहिलेलं मला खोडता येत नाही.”

“मग हे पुढच्या वर्षी असंच राहणार?”

त्यांनी चष्मा उतरवून दोरीवर सोडला. मग मऊ आवाजात त्यांनी विचारलं की बाईंची घरची परिस्थिती कशी आहे, फार कठीण आहे का. त्या चांगल्या मनाने विचारत होत्या. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पडदा, ट्रंक, कुलूप, पाच वर्षं. एक वाक्य बोलले असते तर त्या बाईंनी वन्संसाठी काहीतरी केलं असतं, असं मला आजही वाटतं.

“घरी सगळं ठीक आहे,” मी म्हटलं. “मला एक कोरा कागद द्या.”

त्यांनी दिला. मी मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. चित्रातला पक्षी गिधाड नसून शिक्रा आहे. कानडी नाव मी चुकीचं वाचलं आणि ते चुकीचं नाव मीच मेंबरसाहेबांच्या घरी सांगितलं. त्यांचा शेरा त्या चुकीवर उभा आहे. अर्जदार बाईंचा यात काही दोष नाही. बाईंनी वाचून एक स्पेलिंग सुधारलं. मी खाली पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख घालून सही केली, टेबलावरच्या डबीतून टाचणी उचलली आणि तो कागद अर्जावर, बरोबर लाल शाईवर येईल असा, स्वतः टाचला.